आई फोनवर “बरंय” म्हणते, पण तिचा वावर आकसलाय : एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची तब्येत कुठून ढासळते आणि काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा : आई ७६ वर्षांची, साताऱ्यात स्वतःच्या घरी एकटी. वडील आठ महिन्यांपूर्वी गेले. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. फोन रोज होतो आणि रोज “बरंय, माझी काळजी करू नका” एवढंच ऐकायला मिळतं. गणपतीला घरी गेल्यावर मात्र दिसलं, की ब्लाउज सैल झालेत, भजनी मंडळ सुटलंय, संध्याकाळचं फिरणं बंद आहे. ब्लड प्रेशर आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. पुण्याला यायला ती तयार नाही. हे वय आहे, दुःख आहे की आजार? आणि लांब राहून काय करता येईल?

उत्तर :

तिन्ही असू शकतं, आणि बहुतेक वेळा तिन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं. पण “आईचं मन कशात रमवू” इथून सुरुवात करू नका. वर्षापूर्वी ती जिथे जिथे जात होती त्यातलं काय काय सुटलं आणि प्रत्येक गोष्ट नेमकी कशाने सुटली, ते आधी शोधा. एकाकीपणा ही मनाची गोष्ट समजून आपण टॅब घेऊन देतो, समुपदेशकाचा नंबर देतो, ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालतो. ते फार दिवस टिकत नाही. कारण वावर आधीच बारीकसारीक अडचणींनी आकसलेला असतो : नीट ऐकू येत नाही, लघवी धरवत नाही, पायरी दिसत नाही, उभं राहिलं की गरगरतं. हे सांगायची लाज वाटते, म्हणून “जावंसंच वाटत नाही” असं सांगितलं जातं.

तीन गोष्टींत गल्लत होते, ती आधी निस्तरू. एकटं राहणं म्हणजे घरात दुसरं माणूस नसणं. माणसं तुटणं म्हणजे भेटीगाठी, बोलणं, देणंघेणं प्रत्यक्षात कमी होणं. हे मोजता येतं. एकाकी वाटणं म्हणजे हवी तशी सोबत नाही ही सल, जी भरल्या घरातही असते. २०१५ साली अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला, तेव्हा अकाली मृत्यूची शक्यता माणसं तुटलेल्यांत २९ टक्के, एकाकी वाटणाऱ्यांत २६ टक्के आणि एकटं राहणाऱ्यांत ३२ टक्के जास्त निघाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२० च्या अहवालात माणसं तुटण्याचा संबंध डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) सुमारे ५० टक्के, आणि माणसं तुटणं किंवा एकाकी वाटणं यांचा संबंध हृदयविकाराच्या २९ टक्के आणि पक्षाघाताच्या ३२ टक्के वाढीव धोक्याशी जोडला. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये एकाकीपणाशी निगडित मृत्यूंचा आकडा वर्षाला ८ लाख ७१ हजार इतका सांगितला. हे आकडे घाबरायला नाहीत. “म्हातारपणी असं व्हायचंच” असं म्हणून गप्प बसणाऱ्या नातेवाइकांना दाखवायला ते उपयोगी पडतात.

हा धोका शरीरात शिरतो कुठून? थोडा भाग ताणाच्या संप्रेरकांचा, तुटक झोपेचा आणि अंगात कायम धुमसणाऱ्या बारीक दाहाचा आहे. पण घरात डोळ्यांना दिसणारा भाग अगदी साधा असतो. एकट्यासाठी कुकर लावावासा वाटत नाही. मग सकाळी चहा-बिस्किट, दुपारी उरलेला भात आणि लोणचं, रात्री दूध-पोळी. प्रथिनं कमी पडली की मांड्यांचे स्नायू झिजतात. मग खुर्चीतून उठायला हात टेकावे लागतात, जिना नको वाटतो, बाहेर जाणं सुटतं. बाहेर जाणं सुटलं की भूक आणखी मरते. शिवाय दुसरं माणूस घरात असताना “आज तुझा चेहरा ओढलेला दिसतोय” असं जे सहज म्हटलं जातं, ते बंद होतं. पायावरची सूज, बोलण्यातली अडखळ, चुकलेली गोळी कुणाच्या नजरेस पडत नाही, आणि चार दिवसांत पकडता आलं असतं ते चार महिन्यांनी कळतं.

घरी जाऊन काय बघायचं

किमान तीन रात्री राहा. एका दिवसाच्या मुक्कामात ती तुमच्यासाठी उठून सगळा स्वयंपाक करेल आणि तुम्ही “छान आहे की” म्हणून परत याल. तिसऱ्या दिवशी घराची खरी लय दिसते.

स्वयंपाकघरातून सुरुवात करा. गॅसचं सिलिंडर किती दिवस पुरलं ते बुकिंगच्या मेसेजवरून काढा. दोघांना जे अडीच महिने जात होतं ते एकीला चार-साडेचार महिने जाणं समजू शकतं. सात महिने झाले तरी संपलं नसेल, तर चूल पेटत नाहीये. दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आलंय का? डाळीच्या डब्याच्या तळाशी सोंडे झालेत का? जळक्या तळाचं पातेलं किंवा एकाच गोष्टीची चार पाकिटं सापडली, तर विसरण्याचा मुद्दा वेगळा तपासावा लागेल.

मग गोळ्या. चिठ्ठीवरची तारीख, औषधाच्या बिलावरची संख्या आणि पाकिटात उरलेल्या गोळ्या यांचा ताळा घाला. तीस दिवसांच्या तीस गोळ्या घेतल्या आणि बावीस दिवसांनी पंधरा उरल्या, तर सात चुकल्या आहेत. जास्त संपल्या असतील तर तेही वाईट. डोस घेतल्याचं विसरून पुन्हा घेतला जातोय. वडील गेले त्या आठवड्यात “झोप लागू दे” म्हणून सुरू झालेली अल्प्राझोलामसारखी गोळी अजून चालू आहे का, हे मुद्दाम विचारा. चार दिवसांसाठी दिलेली ही गोळी आठ-आठ महिने चालू राहते. ती तोल घालवते, स्मरण मंदावते, सकाळी जड ठेवते. पण स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या.

वजन करा. जुन्या फाइलमध्ये वर्षापूर्वीचा आकडा असतोच. सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त घट ही डॉक्टरांपुढे ठेवायची गोष्ट आहे. ५६ किलोची बाई ५२ वर आली, तर ती सात टक्के घट झाली. “बाबा गेल्यापासून जेवण कमी झालंय” हे कारण खरं असलं तरी तपासणी टाळायचं कारण ते नव्हे. क्षयरोग, थायरॉइड, कर्करोग यांचीही सुरुवात अशीच असते.

दाराजवळच्या चपला बघा. फिरायला घालायच्या बुटांवर धूळ आहे का? घरातली स्लीपर एका बाजूने झिजली असेल, तर पाय ओढत चालणं सुरू झालंय.

आणि एक चाचणी तिथेच करा. हाताची खुर्ची ठेवा, तीन मीटरवर खूण करा. उठायचं, खुणेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे. दुसरी : हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं? या वयाच्या बाईला दहा वेळा तरी यावं. करताना शेजारी उभे राहा.

शेवटी, चहा घेताना तीन प्रश्न. गेल्या सात दिवसांत फाटकाबाहेर किती वेळा गेलीस? आमच्याखेरीज कुणाशी पाच मिनिटांहून जास्त बोलणं झालं? उद्या सकाळी दार उघडलं नाहीस तर सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येईल? तिसऱ्याला ती घुटमळली, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी त्याची सोय करायची. ती कशी, ते पुढे येतं.

भजन का सुटलं असेल

“जावंसं वाटत नाही” यामागे बरीच कारणं लपलेली असतात. एकेक तपासा.

कान. वयाने येणाऱ्या बहिरेपणात आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात. स, श, च, ट, फ ही व्यंजनं निसटतात. “आवाज येतो पण शब्द कळत नाही” ही तक्रार म्हणजे अगदी हेच. शांत खोलीत, फोन कानाला लावून किंवा समोरासमोर, एकाचंच बोलणं ऐकायला अडत नाही, म्हणून मुलांना पत्ता लागत नाही. पण टाळ वाजत असताना, चार जणी एकाच वेळी बोलत असताना सगळा गलका होतो. दोनदा भलतंच उत्तर दिलं जातं, कुणी हसतं, आणि तिसऱ्या गुरुवारी पाय निघत नाही. आधी कानातला मळ बघून घ्या. नुसता मळ काढल्यावर फरक पडतो असेही पुष्कळ असतात. काडी, पिन, इअरबड घालू नका. मग श्रवणचाचणी. यंत्र लागलं तर पहिल्या दिवशी अर्धा-एक तास, घरात, एका माणसाशी बोलताना. मग हळूहळू वाढवत तीन-चार आठवड्यांनी बाजारात. थेट लग्नात घालून नेलं तर ते कपाटात जाऊन पडतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले. त्यात बहिरेपणाचा वाटा ७ टक्के, माणसं तुटण्याचा ५ टक्के, उपचार न केलेल्या कमी दिसण्याचा २ टक्के. ही तीन एकाच बाईत एकमेकांचा हात धरून येतात.

डोळे. मोतीबिंदू असेल तर संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड फुटतो, राखाडी पायऱ्यांची कड दिसत नाही. म्हणून सकाळचं देऊळ चालू राहतं आणि संध्याकाळचं फिरणं सुटतं. तुम्ही लिहिलंय तेच सुटलंय, तेव्हा हे आधी बघा.

लघवी. याबद्दल आई मुलाशी बोलणार नाही. मुलीने किंवा सुनेने विचारावं, आणि आडून नाही, सरळ : “शिंकताना, खोकताना थोडी होते का? लागली की पोचेपर्यंत थांबत नाही असं होतं का?” यावर उपाय आहेत : ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, ठरावीक वेळेने जाणं, जंतुसंसर्ग असेल तर उपचार, शुगर वाढली असेल तर ती आटोक्यात आणणं, लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ बदलणं. उपाय न केला तर बायका स्वतःचा उपाय काढतात : पाणी पीत नाहीत, आणि बाहेर जायच्या दिवशी ब्लड प्रेशरची गोळी चुकवतात. पहिल्याने बद्धकोष्ठ आणि गरगर, दुसऱ्याने पक्षाघाताला आमंत्रण.

पडण्याची भीती. एकदा न्हाणीघरात पाय सरकलेला असतो आणि तो तुम्हाला कळवलेला नसतो. “गेल्या वर्षात पडलीस का” याला नाही म्हणेल, “कधी तोल गेला, भिंतीला धरावं लागलं?” याला हो म्हणेल.

आणि एक कारण शरीरात नाही, ते आपल्यात आहे. नवरा गेलेल्या बाईला वर्षभर सणावाराला बोलवायचं नाही, हळदीकुंकवाला पुढेही नाही, वर्षश्राद्धापर्यंत तिने कुठे जायचं नाही, हे आपल्याकडे अजून चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारनेही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. पण घराघरांत ही चाल मोडलेली नाही. जोडीदार गेल्यानंतरचे पहिले काही महिने मागे राहिलेल्याच्या जिवाला सगळ्यात जास्त धोक्याचे असतात, हे वैद्यकात पक्कं माहीत आहे. नेमक्या त्याच महिन्यांत आपण तिला माणसांतून बाजूला काढतो. मंडळातल्या एखाद्या जवळच्या बाईला फोन करून विचारा : आई येत नाही, की तिला बोलावणं येत नाही? दुसरं असेल तर औषधाची गरज तिला नाही. “काकू, गुरुवारी घ्यायला येते, तयार राहा” असं म्हणणारी एक बाई हवी आहे.

डॉक्टरांकडे काय मागायचं

सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. वजनाचा जुना-नवा आकडा कागदावर लिहा. मग हे विचारा :

रक्तदाब बसून आणि उभं राहून, एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहताना रक्तदाब एकदम उतरतोय. वजन घटलं की जुना डोस जड होतो. हे फार वेळा नजरेतून सुटतं.

शुगरची गोळी. ग्लिमेपिराइड असेल आणि जेवण निम्म्यावर आलं असेल, तर रात्री साखर खाली जाऊ शकते : घाम, थरथर, पहाटे गोंधळ, पडणं. या वयात, सोबत दुसरे आजार असताना एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) साडेसात ते आठच्या आसपास असणं अनेकदा पुरेसं मानतात. ती ६.२ आली तर खूश होऊ नका. गोळी जास्त होतेय का ते विचारा.

रक्तात हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन. शिवाय लघवीची साधी तपासणी. शाकाहारी माणसाला वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल, तर बी-१२ कमी होण्याची दोन कारणं एकत्र येतात. पायात मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा, उदासी ही त्याची लक्षणं, आणि ती सगळी म्हातारपणाच्या खाती जमा होतात. सोडियम कमी होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ब्लड प्रेशरच्या गोळीतला लघवी वाढवणारा घटक आणि जोडीला कमी जेवण. तेवढ्यानेही माणूस सुस्त, चिडका, गोंधळलेला होतो.

उदासीनतेची तपासणी. ज्येष्ठांसाठी १५ प्रश्नांची चाचणी असते, दहा मिनिटांत होते. पाचाहून जास्त गुण आले तर पुढे बघावं लागतं. म्हातारपणचं नैराश्य रडून दाखवत नाही. ते “पोट साफ होत नाही, जीव घाबरा होतो, अंगात त्राण नाही” असं बोलतं. दुःख लाटांसारखं येतं. मधे नातवाचा फोन आला की चेहरा खुलतो. नैराश्यात तो खुलत नाही. औषध सुरू झालं तर गुण यायला चार ते आठ आठवडे द्या, आणि सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत सोडियम पुन्हा बघून घ्या, कारण या औषधांनीही ते उतरतं.

वावर पुन्हा कसा वाढवायचा

आधी आहार, कारण अंगात ताकद नसेल तर कुठेही जाणं होत नाही. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५२ किलोला साधारण ५२ ते ६२ ग्रॅम. दोन पेले दूध किंवा दही यांतून १२-१४, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ यांतून तेवढंच, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे यांतून ७ च्या आसपास, अंडं खात असेल तर एकात ६, उरलेलं पोळी-भाकरीतून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कवळी सैल असेल तर उसळ आणि दाणे आपोआप बंद झालेले असतात, ते बघा. डबा लावायचा तर दुपारचा लावा आणि डबा देणारं माणूस दोन मिनिटं थांबणारं असेल असं पाहा. रात्रीचं तिचं तिने करावं. स्वयंपाक पूर्ण काढून घेतला तर हातातलं शेवटचं काम जातं.

मग एक माणूस आणि एक ठिकाण. एकाच वेळी तीन गोष्टी सुरू करू नका. जे पूर्वी होतं तेच परत आणणं नवं लावण्यापेक्षा सोपं असतं, म्हणून भजनी मंडळ आधी, योगवर्ग नंतर. पहिल्या तीन-चार वेळा कुणीतरी घरून घेऊन जाणारं आणि परत सोडणारं हवं. इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालून आपण मोकळे होतो. ती एकदा जाते, सगळे आपापल्या घोळक्यात असतात, कोपऱ्यात बसून चहा घेऊन परत येते आणि “मला नाही तिथलं आवडलं” म्हणते. दीर्घकाळ एकटं राहिलेलं माणूस नकाराला फार हळवं झालेलं असतं. साधी थंड नजरही त्याला “मी नकोय” अशी वाटते. त्यामुळे अध्यक्षांना आधी फोन करून “आई येतेय, शेजारी बसवा” एवढं सांगून ठेवा.

आणि तिला काम द्या. नुसतं बसायला बोलावलेलं माणूस पाहुणं असतं. ज्याच्याकडे काम आहे ते मंडळाचं होतं. अभंगांची वही सांभाळणं, प्रसादाची पाळी लावणं, शेजारच्या मुलीला मराठी शुद्धलेखन घेणं, सोसायटीतल्या नव्या सुनेला मेतकूट शिकवणं. “तुला बरं वाटावं म्हणून” असं म्हणू नका, “तुझ्यावाचून अडलंय” असं म्हणा, आणि खरंच अडेल असंच काम द्या. (वडील मागे राहिले असते तर पद्धत थोडी वेगळी लागली असती. पुरुषांच्या ओळखी बऱ्याचदा ऑफिस आणि बायको या दोन दारांतून आलेल्या असतात. त्यांना गप्पांपेक्षा हातातलं काम लवकर माणसांत आणतं.)

राज्याच्या हद्दीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, ओळखपत्र कोणतं लागतं ते आधी विचारून घ्या. कराडला बहीण असेल तर महिन्यातून एक फेरी ठरवून टाका, सकाळच्या गाडीने, उजेडात परत.

फोन

“जेवलीस का? गोळी घेतलीस का?” याला “हो” एवढंच उत्तर असतं. त्याऐवजी “आज भाजी कशाची केलीस? कुठून आणलीस? कोण भेटलं?” विचारा, तीन प्रश्नांत बाजारात जाणं, खाणं आणि माणसं तिन्ही कळतात. दोन दिवस भाजीचं नाव आठवेना तर नोंद करा. आणि तिचा सल्ला मागा, खरा : शेपूची भाजी कडवट का झाली, मुलाला सर्दी झाली तर तू काय द्यायचीस.

टेक्सासमध्ये घरपोच जेवण घेणाऱ्या २४० जणांवर एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १७ ते २३ वर्षांच्या, कुठलंही वैद्यकीय शिक्षण नसलेल्या मुलामुलींनी थोडं प्रशिक्षण घेऊन चार आठवडे फोन केले. पहिले पाच दिवस रोज, पुढे समोरच्याला हवे तितके. बोलण्याचा विषय समोरच्याने ठरवायचा, यांनी ऐकायचं. एकाकीपणा, उदासी आणि चिंता तिन्ही कमी झाल्या. घरात कॉलेजातली भाची-पुतणी असेल, तर तिला आठवड्यातून दोन वार ठरवून द्या. व्हॉट्सअॅपवर सकाळी आलेलं फुलाचं चित्र हे बोलणं नव्हे.

चोवीस तासांत कुणाला कळेल

त्या तिसऱ्या प्रश्नाची सोय अशी. एक किल्ली शेजारी, आणि दाराची आतली कडी काढून टाका. तिच्याऐवजी बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवा. किल्ली शेजाऱ्याकडे आहे पण आतून कडी लावलेली, म्हणून दार फोडावं लागलं, हे टाळता येण्याजोगं आहे. न्हाणीघराची कडीही काढा. दूधवाल्याला सांगा : कालची पिशवी दारातच असली तर हा नंबर. फोन टेबलावर नको, गळ्यातल्या किंवा कमरेच्या पिशवीत हवा. पडलेल्या माणसाचा हात टेबलापर्यंत पोचत नाही. पडून तासाभराहून जास्त जमिनीवर राहिलं तर स्नायू चेंगरून मूत्रपिंडावर भार येतो, पाठीला जखमा होतात, अंग गार पडतं. म्हणून उठायची रीत गादीवर करून दाखवा : कुशीवर वळा, गुडघे-हातांवर या, रांगत खुर्चीपर्यंत जा, खुर्ची धरून एक पाय रोवा. उठता येईना तर चादर ओढून अंगावर घ्या आणि फोन करा.

पोलिस ठाण्यात नाव नोंदवा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवणं हे ठाण्याचं काम आहे. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी एल्डरलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८, मानसिक आरोग्याची मदतवाहिनी टेली-मानस १४४१६ चोवीस तास, दोन्हीकडे मराठीत बोलता येतं. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात फोनशेजारी लावा.

यातलं काही दिसलं तर वाट बघू नका : काही तासांत किंवा दिवसांत आलेला गोंधळ, वेळ-माणूस न कळणं (हे वय नसतं, संसर्ग, सोडियम, साखर, औषध यांपैकी काहीतरी असतं), दिवसभर पोटात काही न जाणं, डोक्याला मार, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, तोंड वाकडं, हात लुळा. आणि “आता मला न्या”, “माझं काय उरलंय” हे बोलणं. आपल्याकडे ते सहज बोललं जातं म्हणून दुर्लक्ष होतं. सरळ विचारा : “आई, जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली, किंवा गोळ्या साठवलेल्या सापडल्या, तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

पुण्याला आणावं का

आत्ता नको. नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ती बंद दारामागे असेल, आणि साताऱ्यातली भाजीवाली, देवळातली बाई, समोरचा दुकानदार ही सगळी माणसं एकदम जातील. वारंवार पडणं, गॅस उघडा राहणं, वजन घटतच राहणं, शौचाला मदत लागणं यांपैकी काही सुरू झालं तर विचार करावाच लागेल. तेव्हाही आधी सहा-आठ आठवडे राहायला आणा, साताऱ्याचं घर तसंच ठेवून. पहिल्या वर्षात घर विकायचा निर्णय नको.

बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा : वजन, खुर्चीची चाचणी, आठवड्याला फाटकाबाहेर किती फेऱ्या, किती माणसांशी बोलणं. वजन थांबलं आणि फेऱ्या एकावरून तीनवर आल्या तर रस्ता बरोबर आहे, मग ती फोनवर अजूनही “बरंय” एवढंच म्हणत असली तरी.

आणि चार महिन्यांनी वर्षश्राद्ध येईल. तुम्ही सगळे त्या दिवसासाठी सुट्टी काढाल, घर भरेल, तिसऱ्या दिवशी सगळे परत जातील आणि ती भांडी लावत एकटी राहील. विधीला एक दिवस पुरतो. सुट्टी त्यानंतरच्या आठवड्याची काढा.